खुर्चीला अडकवलेला पट्टा

१८५८च्या उन्हाळ्यात हैदराबादहून मद्रासकडे एका राजकैद्याला नेत होते. वय चोविशीच्या आसपास, नाव राजा व्यंकटप्पा नायक, गाव सुरपूर. पहिल्याच मुक्कामावर बरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याने कमरेचा पट्टा सोडून खुर्चीला अडकवला. पट्ट्यात रिव्हॉल्व्हर होतं. राजाला जरा आडवं व्हायला सांगून अधिकारी तंबूबाहेर गेला आणि काही क्षणांत आतून बार ऐकू आला. तो धावत परत आला तेव्हा राजा जमिनीवर पडला होता. गोळी पोटात शिरून कण्यातून आरपार गेली होती.

ही हकीकत फिलिप मेडोज टेलरच्या आत्मचरित्रात आहे. टेलर त्या मुक्कामावर नव्हता, ऐकलेलं त्याने लिहिलं. पण या मुलाला त्याने लहानाचं मोठं केलं होतं, आणि मुलगा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. त्यामुळे त्या पानांवरचं दुःख खोटं वाटत नाही.

बिदर आणि कलबुर्गीच्या मुलखात जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर ओळखायला बसलं की लोक नळीची लांबी मोजतात, बोर बघतात, शिक्के वाचतात. ते करायलाच हवं. पण माझ्या मते या मुलखात पहिला प्रश्न वेगळा आहे : हे हत्यार कोणाच्या कमरेला होतं, आणि ते होतं तेव्हा कोणाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं गेलं? सुरपूरपासून १९४८च्या बिदरपर्यंत नव्वद वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सुरपूर आज यादगीर जिल्ह्यात आहे. तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते गुलबर्ग्यातच, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मोडत असे. मराठी वाचकाला हे घराणं दुसऱ्या नावाने माहीत आहे, ते म्हणजे वाकिनखेड्याचे बेरड. औरंगजेबाने आयुष्यातली शेवटची मोहीम स्वतः चालवली ती १७०५ साली याच वाकिनखेड्यावर. बेरडांचा प्रमुख पिड्या नायक याच्या मदतीला धनाजी जाधव धावून गेले. किल्ला पडला, पण पिड्या नायक हाती लागला नाही. बेरडांचा नेम दख्खनेत प्रसिद्ध होता. मोगलांच्या फौजेतसुद्धा बेरड बंदूकची असत. त्यांची बंदूक तोड्याची. जळता तोडा कान्याला लागायचा, दारू पेटायची, आणि एक गोळी गेली की पुन्हा दारू ओतून, गोळी ठासून उभं राहायचं. घरातली बंदूक ही बेरडाची मिळकत होती, पोट होतं आणि प्रतिष्ठाही होती.

व्यंकटप्पा लहान असताना, १८४१-४२च्या सुमारास, सुरपूरचा कारभार टेलरकडे आला. निजामाच्या नोकरीतला हा इंग्रज कानडी-मराठी मुलखात मुरलेला होता. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ साली छापून झाली होती. राजा वयात आल्यावर १८५३ साली त्याने राज्य राजाच्या हाती दिलं आणि तो नळदुर्गला गेला. त्याच वर्षीच्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. टेलरचा मुक्काम नळदुर्गच्या किल्ल्यातच होता. खाली बोरी नदी, तिच्यावर इब्राहिम आदिलशहाने बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. हे नळदुर्ग आणि ही बोरी नदी लक्षात ठेवावी, पुढे पुन्हा तिथे यायचं आहे.

१८५७चा उठाव उत्तरेत पेटला आणि इंग्रजांनी दक्षिणेत हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सीमेवर हा हुकूम फार जिव्हारी लागला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायचं नाकारलं. नोव्हेंबर १८५७च्या अखेरीस गावावर फौज चालून गेली, घरं जळाली आणि पुढे एकोणीस जणांना फासावर चढवलं. हलगलीच्या बेरडांवरची कानडी लावणी नंतर इंग्रज अभ्यासकांनीच टिपून ठेवली. नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले ते त्यानंतर सहा महिन्यांनी. त्यांचं मुख्य दुखणं दत्तकाचं होतं, पण हत्यारं हिरावल्याची चीड त्या साऱ्या टापूत मुरलेली होती.

सुरपूरचा राजा या चिडीच्या मधोमध बसला होता. त्याच्या पदरी अरब आणि रोहिले जमू लागले, बेरड गोळा होऊ लागले. हैदराबादचा रेसिडेंट कथबर्ट डेव्हिडसन याने आधी कॅप्टन रोज कॅम्पबेल याला समजुतीसाठी पाठवलं, मग फौजा हलवल्या. ७ फेब्रुवारी १८५८ रोजी कॅप्टन विंडहॅमची तुकडी सुरपूरजवळ उतरली आणि त्याच रात्री तिच्यावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशीच्या चकमकीत कॅप्टन न्यूबेरी ठार झाला आणि लेफ्टनंट स्टुअर्टला झालेली जखम प्राणघातक ठरली. कर्नल माल्कमची कुमक येऊन पोहोचली आणि सामना संपला. त्या रात्री राजा मोजक्या स्वारांनिशी निघाला तो थेट हैदराबादला. तिथे बाजारात तो पकडला गेला आणि निजामाचा दिवाण सालारजंग याने त्याला रेसिडेंटच्या हवाली केलं.

टेलर त्याला तुरुंगात भेटला. राजाची विनंती एवढीच होती की, चोरासारखं फासावर लटकवू नका, तोफेच्या तोंडी द्या. उठावात कोण कोण सामील आहे ते सांग, सुटका सोपी होईल, असं त्याला सुचवण्यात आलं. त्याने एकही नाव घेतलं नाही. फाशीची शिक्षा आधी जन्मठेपेची झाली, आणि मग गव्हर्नर जनरलने ती चार वर्षांवर आणली. मद्रासजवळच्या चेंगलपट्टूला राहायचं, आणि वागणूक चांगली दिसली तर राज्य परत मिळण्याचीही शक्यता. त्या प्रवासाचा पहिला मुक्काम म्हणजे तो तंबू, ती खुर्ची आणि तो पट्टा. दोन वर्षांनी इंग्रजांनी सुरपूर निजामाला देऊन टाकलं.

त्या काळच्या अधिकाऱ्याच्या कमरेला काय असे, हे बघण्यासारखं आहे. रिव्हॉल्व्हर तेव्हा नवीन होतं. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकेच्या सॅम्युअल कोल्टचं आणि इंग्लंडच्या रॉबर्ट ॲडम्सचं, अशी दोन्ही रिव्हॉल्व्हरं समोरासमोर आली. कोल्टने १८५३ साली लंडनलाच कारखाना काढला. अधिकारी आपलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने विकत घेत, त्यामुळे एकाच पलटणीत नाना तऱ्हा दिसत. कोल्टचं ‘नेव्ही’ .३६चं, सहा बारांचं. त्याच्या सिलिंडरच्या वर लोखंडी पट्टी नसते, वरचा भाग उघडा असतो. सिलिंडरवर गलबतांच्या लढाईचं नक्षीकाम असतं आणि लंडनच्या मालावर नळीवर तसा पत्ता कोरलेला असतो. दर बाराआधी घोडा अंगठ्याने ओढावा लागे. ॲडम्सची नळी आणि सांगाडा एकाच लोखंडातून घडवलेला. पहिल्या ॲडम्सच्या घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटीच नाही, नुसता चाप दाबायचा आणि पाच बार काढायचे. १८५६ साली बोमाँट नावाच्या लष्करी अभियंत्याने त्यात सुधारणा केली आणि दोन्ही सोयी एकत्र आल्या. हिंदुस्थानात समोरासमोरच्या झटापटीत ॲडम्सची जड गोळी अधिकाऱ्यांना जास्त भरवशाची वाटे.

पण ही दोन्ही रिव्हॉल्व्हरं ठासणीचीच होती. प्रत्येक कप्प्यात दारू, वर शिशाची गोळी, दांड्याने ठासणं आणि मागे तांब्याची टोपी बसवणं. पाच किंवा सहा बार झाले की माणूस बेरडाइतकाच रिकामा. फरक त्या पाच बारांपुरता, पण तोड्याच्या बंदुकीपुढे तो फार मोठा होता. आणि एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. रिव्हॉल्व्हर लांबच्या लढाईसाठी नव्हतंच. हात दोन हातांवर आलेल्या माणसासाठी, हुकूम न मानणाऱ्यासाठी आणि कैद्यासाठी ते होतं. म्हणून ते कायम हुकूम देणाऱ्याच्या कमरेला राहिलं.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रिव्हॉल्व्हरचं रूप पार बदललं. १८८७ साली ब्रिटिश लष्कराने वेब्लीचं .४५५ बोरचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं. मधोमध बिजागरी, वरची कडी दाबली की नळी खाली झुकते आणि रिकामी काडतुसं आपोआप वर उचलली जातात. त्याचा सहावा नमुना १९१५ साली आला. सहा इंची नळी, वजन किलोभराहून थोडं जास्त, आणि मुठीच्या तळाशी गोफ अडकवायची कडी. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतलं रिव्हॉल्व्हर म्हणून जे ओळखलं जातं ते हेच. १९३२ साली त्याची जागा .३८च्या हलक्या एन्फिल्डने घेतली. १९३८नंतरच्या एन्फिल्डच्या घोड्याला अंगठ्याची शेपटी नाही. दुसऱ्या महायुद्धात ती पुरेनात तेव्हा वेब्लीचं .३८ आणि अमेरिकेचं स्मिथ अँड वेसन अशी दोन्ही लाखांनी आली. घाईत केलेल्या वेब्लीवर ‘वॉर फिनिश’ असा छाप असतो. म्हणजे चकाकी विचारू नका, चालतं एवढं पुरे. अमेरिकन मालावर तो संयुक्त संस्थानांच्या सरकारचा असल्याचं इंग्रजीत कोरलेलं असतं.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. त्याला फिरतं सिलिंडर नसतं, गोळ्या मुठीत भरतात. क्रांतिकारकांना ते हवंसं वाटलं कारण ते चपटं, पुस्तकात लपवून आणण्याजोगं. लष्करी रिव्हॉल्व्हर लपवण्यासाठी घडवलेलंच नव्हतं. ते दिसावं म्हणूनच होतं.

हिंदुस्थानी लष्कराच्या मालकीच्या हत्यारावर बाणाचं टोक आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर ठोकलेलं असतं. हैदराबाद संस्थानच्या फौजाही ब्रिटिशांच्या युद्धांत लढल्या. पहिल्या महायुद्धात हैदराबादचे लान्सर्स पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. ८ डिसेंबर १९४१ला मलायाच्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी उतरले, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या रक्षणाला पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. त्या रात्री तिचा इंग्रज कमांडर मारला गेला आणि दोन महिन्यांनी सिंगापूर पडलं. सात वर्षांनी याच पलटणीचं नाव बोरी नदीच्या पुलाशी पुन्हा ऐकू आलं.

१५ ऑगस्ट १९४७ला हैदराबाद भारतात आलं नाही. २९ नोव्हेंबरला ‘जैसे थे’ करार झाला, पण दोन्ही बाजूंना तो वेळ काढण्यापुरता होता. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाती इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रं होती आणि त्यांचे रझाकार गावोगाव फिरत होते. बिदर जिल्हा तेव्हा मोठा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्यातच होते. संस्थानच्या फौजेचे सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस यांच्यापुढची मोठी अडचण हत्यारांची होती. आजवर माल दिल्लीकडून येई, आणि आता दिल्लीच नाकेबंदी करत होती.

या अडचणीतून सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक या कथेत येतो. पहिल्या महायुद्धात त्याने वैमानिकांसाठी उबदार पोशाख बनवला होता, आणि दुसऱ्याच्या तोंडावर जर्मनीवरून उडत गुपचूप छायाचित्रं घेतली होती. १९४८ साली त्याने लँकास्ट्रियन विमानं जमवली आणि कराचीहून रात्रीच्या अंधारात हैदराबादला हत्यारं उतरवायला सुरुवात केली. वरंगळ आणि बिदर या त्याच्या उतरायच्या धावपट्ट्या. लँकास्ट्रियन म्हणजे जर्मनीवर बाँब टाकणाऱ्या लँकास्टरचंच मालवाहू रूप. मोठ्या युद्धाचा उरलेला माल अशा तऱ्हेने बहमनींच्या राजधानीबाहेरच्या माळावर उतरत होता. पुढे इंग्लंडच्या न्यायालयाने कॉटनला या उद्योगाबद्दल २०० पौंड दंड केला.

सरहद्दीच्या अलीकडे, सोलापूर-बार्शीकडे, स्टेट काँग्रेसची शिबिरं होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालची ही चळवळ. स्वामीजींचं मूळ गाव गुलबर्गा जिल्ह्यातलंच, चिनमळ्ळी. शिबिरांतल्या तरुणांना हत्यारं हवी होती. जानेवारी १९४८च्या अखेरीस उमरीच्या बँकेवर धाड पडली ती लढ्याला पैसा लागतो म्हणूनच. ‘हैदराबादसाठी’ म्हणून हत्यारं जमवणं त्या दिवसांत महाराष्ट्रात अनेकांना गैर वाटत नव्हतं, आणि या सहानुभूतीच्या आडोशाला भलतेही लोक उभे राहिले. पुण्यात शस्त्रभांडार चालवणारा दिगंबर बडगे पुढे गांधीखुनाच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. २० जानेवारीला दिल्लीत हिंदुमहासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हरं चालवून पाहिल्याचं त्याने साक्षीत सांगितलं. एकाचं सिलिंडर धड चालेना, दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंत पोहोचेना. त्यातलं एक लष्करी .३८ होतं आणि ते आणणारा गोपाळ गोडसे खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला होता. युद्ध संपल्यावर कमरेची हत्यारं कशी हातोहात फिरू लागली होती, हे त्यावरून कळतं.

गावातल्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. भारतीय लष्कराच्या अंदाजाने रझाकारांपैकी सुमारे पाव हिश्श्याकडे आधुनिक हत्यारं होती आणि बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका नि तलवारी. पण शेतकऱ्याच्या हातात कोयता आणि विळाच होता. मे १९४८मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावावर रझाकार चालून आले. दोनशेच्या आसपास माणसं मारली गेली असं लोक सांगत आले आहेत. दिल्लीचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुनशी तिथे जाऊन आले. आजही भालकी-बसवकल्याणकडे त्या दिवसांचं नाव निघालं की म्हाताऱ्या माणसांचा आवाज खाली येतो.

१३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची फौज सोलापूरहून निघाली. पहिली चकमक नळदुर्गला झाली. समोर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधीच सातव्या ब्रिगेडने तो धडधाकट ताब्यात घेतला. ज्या किल्ल्यात टेलरने आपली कचेरी मांडली होती त्याच्या पायथ्याशी हे घडलं. दुपारपर्यंत रणगाडे उमरग्याला पोहोचले. विमानांनी बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर बाँब टाकले, म्हणजे कॉटनची वाट बंद. १४ला राजेश्वर पडलं, तेही विमानांनी वाट मोकळी केल्यावर. १६ला सुरुंग काढत फौज जहिराबादच्या पुढे गेली आणि १७च्या पहाटे बिदरमध्ये शिरली. त्याच संध्याकाळी लढाई थांबली आणि १८ तारखेला अल इद्रूस चौधरींना शरण गेले.

मराठीत लिहिलेला मुक्तिसंग्रामाचा इतिहास बहुधा इथे थांबतो. मला थांबवत नाही, कारण हत्यारांची गोष्ट इथून पुढे सर्वांत कठीण होते. फौजेने गावोगाव हत्यारं गोळा केली. पुढे नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवलं. १९४८च्या अखेरीस ते या जिल्ह्यांतून फिरले. मुसलमानांची हत्यारं काढून घेतली गेली, हिंदूंकडची बऱ्याच ठिकाणी तशीच राहू दिली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या अंदाजाने संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत होती. तिथे मेलेल्यांचा आकडा १८ हजारांहून कमी नव्हता. मेलेल्यांत रझाकार थोडे आणि साधी माणसं फार होती. जीव धोक्यात घालून शेजाऱ्याला वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी केली आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. गोरट्याचे मेलेले आपण मोजतो, ते मोजलेच पाहिजेत. पण त्यापुढचेही मोजले पाहिजेत. तेही याच मातीतले, हीच कानडी-मराठी-उर्दूची मिसळण बोलणारे होते.

१ नोव्हेंबर १९५६ला बिदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, उदगीर-निलंगा मराठी बाजूला आले. त्या काळातली रिव्हॉल्व्हरं आज कुठे जुन्या फौजी घरच्या पेटीत, कुठे ठाण्याच्या मुद्देमालात गंजत असतील. एखाद्याच्या हाती असं काही आलं तर त्याने पहिलं काम करावं ते पोलिसांना कळवण्याचं. .३८ हा आपल्याकडे निषिद्ध बोर आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच स्थितीत असावं लागतं. आणि घासून-पुसून चकचकीत करू नये. गंजाखालचे शिक्के हीच त्याची ओळख असते. वेब्लीचा क्रमांक सांगाडा, नळी आणि सिलिंडर अशा तिन्ही जागी असतो. तिन्ही जुळले तर ते हत्यार कारखान्यातून निघालं तसंच आहे, न जुळले तर कोणत्या तरी लष्करी कोठारात त्याचे अवयव बदलले गेले. ब्रिटनमधल्या लष्कराने रीतसर विकलेल्या हत्यारावर बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या चाचणीघराचा ठसा मिळतो. बाण आणि त्याखालचं अक्षर असेल आणि विक्रीची कसलीच खूण नसेल, तर लष्कराच्या हातून ते कागदाशिवाय बाहेर पडलं असावं, असा संशय घ्यायला जागा असते.

आणि कधी तिन्ही जागांचे क्रमांक कानशीने घासून काढलेले असतात. तिथे बोट फिरवलं तर खोलगट लागतं. ते हत्यार बाळगणाऱ्याला, ते कोणाकडून आलं हे कोणाला तरी कळू द्यायचं नव्हतं. व्यंकटप्पा नायकाने तुरुंगात एकही नाव घेतलं नव्हतं.